कडू कॉफीचा आवाज

मी मूळची मिरजेची. तिकडं रेडिओवर ध्वनिमुद्रण करायची, मग लग्न झालं, नवऱ्यामागून युट्रेख्टला आले आणि सायकल शिकण्यात नि पोळ्या लाटण्यात दिवस जायला लागले. अशात समीरा भेटली. ती इराकची, इथल्या अरब लोकांसाठी, सिरियाचे काय, मोरोक्कोचे काय, सगळ्यांसाठी एका जुन्या हॉलमध्ये तिनं छोटं रेडिओ स्टेशन काढलेलं. मला म्हणाली, आवाजाचं काम तू बघ. मी म्हटलं, बाई, मला अरबी ओ का ठो कळत नाही. ती म्हणाली, कान आहे ना तुला, बास झालं.

मग कोरोना आला, हॉलला कुलूप लागलं. ती तिच्या स्वयंपाकघरातून बोलायची, मी माझ्यातून आवाज जुळवायची, प्रसारणाचं मशीन तिकडं हॉलमध्ये एकटंच चालू. माणसं जात होती आणि सांत्वनाला कुणी कुणाकडं जायचं नाही, म्हणून समीरा संध्याकाळी गेलेल्यांची नावं वाचायची आणि लोकांना आपापल्या घरी प्रार्थना म्हणता यावी म्हणून जरा गप्प राहायची. पहिल्याच दिवशी घात झाला. आमच्या मशीनचं असं, शांतता झाली की त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, मग ते आपलं आपण गाणं लावतं. काय सांगू तुम्हाला, लग्नाचं गाणं लागलं, ढोलासकट.

अबू करीम म्हणून सिरियाचे म्हातारे होते, त्यांच्या बायकोचं नाव नुकतंच वाचलेलं. त्यांचा समीराला फोन आला, ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, मला मातीला जाऊ दिलं नाही, एवढी शांतता तरी द्यायची. समीरा म्हणाली, आता आपल्याला कोण ऐकणार? मशीनपर्यंत तर जाता येईना. मग तिलाच आठवलं, त्यांच्याकडं दुःखाच्या घरी कडू कॉफी फिरवतात. तेव्हापासून नावं झाली की मी माईकजवळ कपात कॉफी ओतायची, हळूहळू, तेवढा आवाज चालू राहिला की मशीन गप्प. अबू करीम म्हणाले, घरी माणसं आल्यासारखं वाटतं.

आणि मग माझी आई गेली. विमानं बंद. मोबाईलवर बघितलं, काय बघितलं, भावाची पाठ. संध्याकाळी सवयीनं किटली उचलली तर समीरा म्हणाली, ठेव ती, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं कॉफी करायची नसते. आमच्याकडंही चूल पेटत नाही हो, शेजारीण पिठलं-भात आणते. तिनं आईचं नाव वाचलं, सुशीला, आणि हेडफोनमधून कॉफी ओतल्याचा आवाज आला. समीरानं अबू करीमना फोनवर घेतलेलं, त्यांच्या घरून त्यांनी ओतली. तेव्हा मी रडले, तोवर रडूच आलं नव्हतं.

आता हॉल उघडलाय, मशीनही नीट केलंय, पण कप आम्ही काढला नाही. गेल्या आठवड्यात अबू करीमचं नाव वाचलं, कॉफी मी ओतली. देव भलं करो त्यांचं. बसा घटकाभर, बोलू नका.