जोतिबाच्या मागचा लाल दिवा

मंडळी, टाळ जरा थांबवा. एक प्रश्न विचारतो. बहिरा कोण? ज्याला ऐकू येत नाही तो? की ज्याला ऐकू येतं, पण ऐकायचं नसतं तो? घाई नको. आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

घाटावर एक वाडी. सगळ्या वाडीत एकच गाडी — हिंदुराव शेळक्यांची वडापची जीप! सकाळी माणसं भरायची, घाट उतरून तालुक्याला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. आणि हा हिंदुराव भजनातला पक्का टाळकरी बरं का! चाळीस जणांत एकाचा टाळ चुकला, तर डोळे मिटून सांगायचा — "मागच्या वळीतला, डावीकडचा!" असा कान! आहे का तुमच्यात कुणाचा? ... नाही, म्हाताऱ्या बाबा, घरात दूध उतू गेल्याचं ऐकू येतं, तो कान वेगळा!

तर माघात काय झालं, जीप वाजायला लागली. टिक... टिक... टिक. हिंदुरावाला पहिल्याच दिवशी ऐकू आलं. का नाही येणार? त्यानं काय केलं? टेपवर भजन लावलं! आवाज वाढला, भजन वाढवलं. पुढं टिकटिकीची ठकठक झाली. कुणी विचारलं, तर म्हणे, "वय झालं की तुझं गुडघं वाजत न्हाईत व्हय?" गाडीतली माणसं हसायची. हसली की विषय संपला!

मग स्टेअरिंगसमोर ऑइलच्या धोक्याचा लाल दिवा लागला. तो काही विझेना. डोळ्यांना खुपायला लागला. हिंदुरावानं जोतिबाचं चित्र आणलं, पातळ प्लास्टिकवरचं, आणि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवलं. आता झालं काय — देवाच्या मागं लाल तेज दिसायला लागलं! बाया हात जोडायला लागल्या. "जागृत हाय गं जोतिबा!" आणि मंडळी, पंधरा दिवसांत हिंदुरावालाही ते खरं वाटायला लागलं. आपल्या थापेला पहिले आपणच भुलतो!

घाटाच्या पायथ्याला दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज. चाळीस वर्षं लोखंड ठोकून म्हातारा ठार बहिरा झालेला. एका गुरुवारी जीप समोर थांबली, तसा हा उठला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "उघड." लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ धरली दातांत! हो, दातांत! कान गेले म्हणून काय झालं, हाडं आहेत ना? आधी वर लावलं. मान हलवली. मग खाली, ऑइलच्या चेंबरला लावलं. "रेस कर!" हिंदुरावानं रेस केली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. उघडले, तेव्हा चेहरा उतरलेला.

"वर न्हाई, खाली हाय! पोटात!" बहिरा माणूस, ओरडूनच बोलणार. "ऑइल चढत न्हाई. बेअरिंग कोरडं फिरतंय. घाटात पिस्टनचा दांडा तुटला तर इंजिन जाम, चाकं जाम. गाडी हितं सोड!"

"उद्या पोरींचा धाव्वीचा पेपर हाय, चाचा! अकरा पोरी हायती, माझी सुवर्णाबी हाय त्यात!"

ओठ बघून म्हाताऱ्याला कळलं. त्याची नजर चित्राकडं गेली. "दिवा देवाच्या म्होरं लावत्यात रं. तू देवाच्या मागं दडवलास. तुझा देव हाय, मी हात लावत न्हाई. तूच काढ."

काढलं का? छे! जीप वर नेली. ठकठकत नेली, भजन लावून!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. पारापाशी अकरा पोरी, हातात पॅड, वेण्या घट्ट घातलेल्या. पेपर अकराला. हिंदुरावानं किल्ली फिरवली. लाल तेज उजळलं. तेवढ्यात हौसाबाई पुढं आली. नवरा गेल्यावर एकटीनं पोर वाढवलेली बाई. तिनं खिडकीतून त्या तेजाला हात जोडले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देव संगट हाय. आता मला काळजी न्हाई."

मंडळी, ती बाई कुणाच्या भरवशावर लेक सोडत होती? धोक्याच्या दिव्याच्या!

हिंदुरावाचा हात टेपकडं गेला, आणि तिथंच राहिला. त्यानं भजन लावलं नाही. ठक... ठक... ठक. सगळ्या वाडीला ऐकू गेलं.

"आबा," सुवर्णा म्हणाली, "ह्यो आवाज कवापास्नं हाय?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं सांगा! हिंदुरावानं इंजिन बंद केलं. नखानं चित्र हळूच सोडवलं, कपाळाला लावलं, खिशात ठेवलं. मागचा ऑइलचा लाल दिवा उघडा पडला. "दोन म्हैनं," तो म्हणाला. "मला ठावं हुतं."

हौसाबाईनं त्या दिव्याकडं बोट केलं. "इतकं दिस आमी ह्याला हात जोडतुया, हिंदुराव!" शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"चला पोरींनो," हिंदुराव म्हणाला, "पायवाटेनं उतरू." तीन तासांची उतरण! पोरी उत्तरं घोकत निघाल्या, हा पुढं काट्या बाजूला सारत चालला. साडेदहाला शाळेच्या फाटकात! अकराच्या अकरा! मग फाटकाबाहेर बसून तो पोरासारखा रडला.

पुढं मिस्त्री वाडीवर आला, त्यानं इंजिन उघडलं. बेअरिंगची पाकळी झिजून कांद्याच्या सालीएवढी पातळ उरलेली, दांड्याच्या बोल्टाला चीर. मिस्त्रीनं ती पाकळी हिंदुरावाच्या तळहातावर ठेवली. "घाटाचं तिसरं वळण. त्याच्या म्होरं न्हाई," एवढंच म्हणाला.

आता सांगा, बहिरा कोण? ... हिंदुरावाकडं बोट दाखवू नका, त्यानं शेवटी चित्र काढलं! आपण? छातीत कळ येते, आपण म्हणतो गॅस झाला. लेक चार दिवस जेवत नाही, आपण म्हणतो वयच तसं आहे. भाऊ सणाला येईनासा होतो, आणि आपण देवळात येऊन जोरजोरात टाळ कुटतो. देवाला ऐकू जावं म्हणून? की आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून?

गजर करायचाच आहे. पण आधी टाळ खाली ठेवा. बुवा, मृदंगावरचा हात काढा. पेटी बंद करा. डोळे मिटा.

येतोय आवाज?