आंबेनाल्यावर अडवलेली वाट

ऐका रे पोट्टेहो. ते लाकूड सारा शेकोटीत. उद्यापासून तुम्ही सफारीच्या जिप्सी चालवनार, म्हनून सांगतो. हसू नका!

आपल्या गावचा परसराम. लय हुशार ड्रायव्हर. वाघाच्या वासानं चितळ ओरडलं का त्याचं स्टेअरिंग फिरलंच! एका उन्हाळ्यात वाघीन आंबेनाल्यावर पानी प्याले आली. पिल्लू पलीकडच्या बांबूत. ती परत निघाली, तं यानं गाडी आडवी लावली. गाडीतल्या पाहुन्यांच्या फोटोसाठी, बाप्पा! मागून बाकीच्याही गाड्या आल्या. ती गुरगुरली, वळली, पुन्हा आली. वाट कोनी सोडली नाई. तिकडं पिल्लू रानकुत्र्यांनी फाडलं. मंग तिनं खानं टाकलं. तिथंच मेली.

पुढच्याच अमावस्येले एका पाहुन्याचा कॅमेरा नाल्यावर राहिला. गेट बंद झालतं. तरी परसराम अंधारात चोरवाटेनं गाडी घेऊन एकटाच निघाला.

जरासा गेला, तं चितळ ओरडलं. हात सवयीनं वळला. काईच नाई! मंग वानर खेकसलं. तिकडं वळला. काईच नाई! असं फिरता फिरता गाडी नाल्यातच येऊन बंद पडली.

आनि समोर दिवे लागले. मागंही लागले. जिप्सी, रे! चारी बाजूनं! आत मानूस एक नाई. नुसता फोटोचा लखलखाट, अन् आवाज, "भाऊ, अजून पुढं घ्या ना!" वाघीन अडवली त्याच दिवशीचे बोल!

तेवढ्यात गाड्यांच्या पलीकडून त्याची लहानी पोरगी रडली. "बाबा, पानी!" पोरगी तं घरी झोपलेली! पन बापच तो. उडी टाकनार, तं मानेवर ऊन ऊन श्वास.

कळलं त्याले. म्हने, "माय, चुकलो. वाट तुझी हाय." उतरला, अन् वळून न पाहता गाडी ढकलत बाजूले नेली. दिवे विझले. अंगाले घासून काईतरी जड जड गेलं. मंग जे पळाला!

सकाळी लोकांनी गाडी पाहिली तं ड्रायव्हरची सीट नखांनी फाडलेली. ते सोडा. त्या रात्री तो घरी पोचला तवा पोरगी तापानं फणफणलेली, पानी पानी करत. वाचली. पन अजून उन्हाळ्यात रात्री उठते, घागर रिकामी करते, तहान जात नाई. बाप उशाशी रडत बसते.

गड्याहो, आपल्या चुली त्या वाघांवर पेटतात. पाहुना कितीही ओरडू दे, वाघाची वाट अडवू नका, गाडी मागं घ्या. अन् दिवस बुडाल्यावर आंबेनाल्याकडं फिरकू नका. आपल्या लेकराचा आवाज आला तरी जाऊ नका.