आत्याला बोलू द्यायला हवं होतं

आमच्या पणजोबांनी गाव का सोडलं, हे आता मला कधीच कळणार नाही. आणि चूक माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

लॉकडाउनमध्ये आम्ही इथे परदेशात, वेरिबीच्या घरात कोंडलेलो. लेकीला शाळेने फॅमिली ट्री करायला सांगितलं. पणजोबा वर्ध्याकडच्या एका खेड्यातले. एक दिवस बायकापोरांना घेऊन निघाले ते परत त्या गावात फिरकलेच नाहीत. का, ते फक्त माझ्या नागपूरच्या आत्याला माहीत होतं. म्हणून तिला व्हिडिओ कॉल लावला, रेकॉर्डिंगही सुरू केलं.

आत्या म्हणाली, "तुह्या पणज्यानं गाव काहून सोडलं, सांगू का? त्या दिवशी विहिरीवर..."

मी म्हटलं, "आत्या, आधी सांग, मास्क लावतेस ना?"

"लावते ना बाप्पा. तर विहिरीवर..."

"आणि भाजीवाल्याला दारात उभं करू नकोस. लस कधी घेणार?"

असं चाळीस मिनिटं चाललं. शेवटी ती हसून म्हणाली, "तुह्यं होऊ दे, मंग सांगते." मी म्हटलं, "नो वरीज, पुढच्या रविवारी बोलू."

पुढच्या रविवारी आत्या हॉस्पिटलमध्ये होती. तिथूनच ती गेली. विमानं बंद, मी इथेच.

परवा धीर करून ते रेकॉर्डिंग लावलं. सगळीकडे माझाच आवाज. मध्येच मागून लेक ओरडते, "डॅड, लेट हर टॉक!"

आणि मी तिच्यावर खेकसतो, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये!"