सखूनं गोफण खाली ठेवली

माझी माय दुष्काळात सापडलेली पोर. कोणाची, कोणत्या गावची, तिचं तिलेच माहीत नोहोतं. मिशनच्या बंगल्यात वाढली, तिथंच तिचं लग्न झालं, तिथंच मी शिकली. तरुणपणीच मी विधवा झाली, तेव्हा पादरीसाहेबानं मले मोरगावकडच्या या गावात शाळा चालवाले धाडलं. शाळा म्हणजे काय, पाटलाच्या गोठ्याले लागून पडवी, अन् मागच्या खोलीत मी अन् म्हातारी माय. पाटील म्हणाला होता, बाई, पोट्टे शिकव, पण धर्म शिकवजो नोको.

काय सांगू तुले बाबू, तुझी माय सखू त्या शाळेतली एकटी पोरगी. एक दिवस भिंतीवरचं चित्र पाहून म्हणे, बाई, या बुवाच्या खांद्यावर पाखरं काऊन बसून राहिले? मंग मी सांगतलं. हा संत फ्रान्सिस. बाप कपड्याचा मोठा व्यापारी, पण यानं सारं सोडलं, भीक मागून खाल्लं, पाखरांले भाऊ-बहीण म्हणे, लांडग्यालेही भाऊ म्हणे. एक पोट्टा म्हणे, लांडगा भाऊ, तं बकरी काय वहिनी? सारे हसले. सखू हसली नाही.

ते दिवस धान लोंबीवर आल्याचे. आपल्याकडे तेव्हा पोट्टे मचानावर बसतात, गोफण अन् टिनाचं डबडं घेऊन, पोपट हाकलाले. सखू बापाच्या धानाच्या बांधीत बसली होती. थवा आला, अन् तिनं गोफण खाली ठेवली, हात जोडले, म्हणे, भावांनो, आमचं खाऊ नोका, जंगलात जा. तिचं पाहून बाजूच्या मचानावरच्या पोट्ट्यांनीही हात जोडले. पोपट कायले ऐकतात! दुपारी माणसं बांधीवर गेली तं डोमाजीच्या, म्हणजे तुझ्या आज्याच्या, अर्ध्या बांधीत नुसत्या काड्या उभ्या.

सारे पडवीत आले. डोमाजीच्या हातात तीच गोफण. म्हणे, काऊन वो बाई, तुझ्या संताच्या घरी किती बांध्या होत्या? मी म्हटलं, एकही नाही. डोमाजी म्हणे, मंग त्याचं काय जाते सांगाले! माणसं हसली, पण ते हसणं बरं नोहोतं. पाटील म्हणे, मी बजावलं होतं ना, धर्म शिकवजो नोको म्हणून? मी म्हटलं, पाटील, तो आपल्या ताटातलं देत होता, दुसऱ्याचं धान लुटवा असं नाही म्हणाला. आत माय गाठोडं बांधून राहिली होती, मले आवाज येत होता. जावं कुठं, दोघींले हेच घर.

पाटलानं सखूले पुढं ओढलं. खरं सांग, बाईनं सांगतलं काय, गोफण ठेव म्हणून? पोर घाबरून हो म्हणेल, अन् झालं. सखूनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

नाई, म्हणे. बाईनं गोष्ट सांगतली. गोफण मीच ठेवली.

काऊन, डोमाजी ओरडला.

मले वाटलं ते ऐकतीन.

मंग डोमाजीनं तिचं मनगट धरलं. तूच ठेवली तं सजाही तुलेच, आजपासून तुझी शाळा बंद. पाटील उठता उठता म्हणे, पडवीतली शाळा राहू द्या.

दुसऱ्या दिवसापासून धान कापेपर्यंत मी फटफटताच डोमाजीच्या मचानावर जाऊन बसे, डबडं वाजवत. सखू गोफण फिरवे. एकदा म्हणे, बाई, तो संत रागावन काय? मी म्हटलं, नाही वो. तो उपाशी माणसालेही भाऊच म्हणे. डोमाजीनं मले बसू देल्लं, पण लई विनवलं तरी पोरीले शाळेत धाडलं नाही. पुढं अर्जुनीकडं तिचं लग्न झालं. संताची गोष्ट मी नंतरही सांगतली, पण आधी त्याच्या भिकेच्या ताटाची, मंग पाखरांची.

मंग एक दिवस ती तुझं बोट धरून आली. बाई, याले शाळेत बसवा. यंदा इंग्रज गेला, झेंडा बदलला, तू बी.ए. झाला, अन् हे सारं लिहून घेऊन राहिला. तं हेही लिही, बाबू. त्या पडवीतून किती पोट्टे शिकून गेले, अन् जिनं ती वाचवली ती एकटीच परत बसली नाही. माझ्या पायाशी काऊन वाकतो? सुखी राह्य, देव तुले सांभाळो. ऊठ, घरी जा, तिच्या पाया पड.