पाणी कुठं जात होतं

वेर्नामो गावातल्या गॅरेजात ब्रिट्टा हिवाळी टायर बसवून घ्यायला थांबली होती. समोर मार्गिटकाकू आपल्या जुन्या गाडीजवळ उभ्या होत्या आणि मेकॅनिक होकान रेडिएटरच्या तोंडावर निळ्या औषधाची नळी धरून वाकला होता.

"पिवळं झालं, काकू."

"म्हणजे काय? नीट सांग."

"इंजिनातला धूर पाण्यात शिरतोय. इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, हेड गॅस्केट, गेलंय. पाणी आतच जळत होतं, म्हणून खाली थेंबही दिसला नाही."

"आणि मी तीनदा येऊन काय सांगत होते? रोज सकाळी पाणी भरते, तरी कमी होतं. तेव्हा तू काय म्हणालास?"

"जाऊ द्या ना, काकू. हेड उतरवतो, सपाट करून आणतो, नवं गॅस्केट टाकतो. आठवड्यात गाडी तयार."

"गाडीचं कळलं मला. तू काय म्हणालास?"

"की... तुम्ही पाणी भरायला विसरता."

"मला नाही, माझ्या मुलाला, स्टेल्लानला म्हणालास! त्यानं माझं गाडी चालवणं बंद केलं. आज शेजाऱ्यानं चालवत आणली. सोमवारी मुलगा मला डॉक्टरकडे नेतोय, डोकं तपासायला!"

"मला काय ठाऊक, तो एवढं..."

"लाव फोन."

"संध्याकाळी करतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

ब्रिट्टाची गाडी केव्हाच तयार झाली होती, पण ती जागची हलली नाही. होकाननं हात पुसले आणि फोन लावला.

"स्टेल्लान? नाही, गाडीसाठी नाही केला. तुझ्या आईबद्दल बोलायचंय. माझं चुकलं."