साधी गोळी आहे गं, ताई

“जिमला जायला लागल्यापासून धाकट्याचे डोळे पिवळट दिसतात गं,” असं सासूबाई माझ्या दिराबद्दल म्हणाल्या होत्या. “ट्यूबलाइटचा उजेड आहे, आई,” म्हणून मी विषय संपवला. काल बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर पिळदार दंडांचा एक तरुण आणि त्याची मोठी बहीण.

“इंजेक्शन नाही गं ताई, साधी गोळी आहे. जिमच्या सरांनी दिली.”

“इंजेक्शन असतं तर एवढी घाबरले नसते.”

“काहीतरीच!”

“अरे, दंड फुगवणारं साधं हार्मोन गिळलं तर लिव्हर ते पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. म्हणून लिव्हर जिथे घाव घालतं, नेमका तिथेच या गोळीत एक जादा कार्बन चिकटवलाय, म्हणजे ते मोडता येऊ नये.”

“तुला काय माहीत?”

“औषधांच्या लॅबमध्ये मी दिवसभर भाजी निवडते का?”

“मग चांगलंच की. औषध वाया जात नाही.”

“औषध नाही रे, ते मोडायच्या झटापटीत लिव्हर वाया जातं.”

“सरांनी लिव्हरचीही गोळी दिलीये.”

“वा! आग लावायची आणि वर बादलीही विकायची. ही अंगाची खाज कधीपासून आहे? तीही लिव्हर बिघडल्याचीच खूण.”

“घामाची आहे ती.”

“आणि हा गॉगल? काढ बघू.”

“ताई, लोक बघतायत.”

“काढ म्हणते ना! ...अरे देवा. पिवळेधमक झालेत रे!”

“गोळी बंद केली की जाईल ना हे? ताई?”

ताईने त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला डॉक्टरांच्या खोलीकडे ओढत नेलं.

मी तिथूनच घरी फोन लावला. “आई, भाऊजींना उजेडात उभं करा आणि डोळे बघा. आत्ताच.”

तुमच्याही घरात कुणी दंड फुगवत असेल, तर आज त्याला खिडकीपाशी बोलावून त्याचे डोळे नीट बघाल का?