तिसरा साक्षीदार

नातवाच्या जन्मदाखल्याच्या रांगेत उभ्या टेलरकाकांचे कान शेजारच्या बाकावर लग्नाच्या नोंदणीसाठी बसलेल्या नवरा-नवरीकडे लागले होते.

"तिसरा साक्षीदार म्हणून तुझा दादा येतोय ना गं? पाच मिनिटांत खिडकी बंद होईल."

"त्याची गाडी बंद पडलीय. हसतोस काय!"

"तुझ्या संशोधनातल्या त्या पृथ्वीवरच्या पहिल्या जीवाला कुठे लागले साक्षीदार? रसायनं कोट्यवधी वर्षं एकमेकांना धडकली, एकदाची जमली, झाला संसार सुरू!"

"म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेत अजून भांडणं चालतात. एक म्हणतो कोमट डबक्यात जमलं, दुसरी म्हणते समुद्राच्या तळाशी. बघितलं कुणीच नाही ना!"

"म्हणजे चारशे कोटी वर्षांनी आपल्यावरूनही भांडतील?"

टेलरकाका अर्ज खिशात कोंबून रांगेतून बाहेर आले.

"भांडणं नकोत रे बाबांनो. सही कुठे करू?"